एचके 416: करामत पिस्टनची की कारखान्याची?

कातळकडा
एचके 416 या रायफलीचा विषय निघाला की एक ठरलेलं वाक्य येतंच: "एम 4 ला पिस्टन बसवला, झाली 416." मला हे अर्धवट वाटतं, म्हणून हा धागा.

थोडक्यात पार्श्वभूमी. अमेरिकेच्या डेल्टा फोर्स या खास पथकाला आखूड नळीची, सायलेन्सर लावून भरपूर फायर करता येईल अशी 5.56 मिमीची कार्बाइन, म्हणजे आटोपशीर रायफल, हवी होती. नळी आखूड केली की त्यांच्या नेहमीच्या एम 4 रायफली कुरकुर करत. जर्मनीत ओबर्नडॉर्फच्या हेकलर अँड कोख कंपनीने डेल्टाच्या लोकांना सोबत घेऊन ही रायफल घडवली आणि 2004-05 च्या सुमारास ती त्यांच्या हातात पडली. पुढे नेव्ही सील्सची निवडक तुकडी आली. मग 2007 पासून नॉर्वेने अख्ख्या सैन्यासाठी घेतली, अमेरिकी मरीन्सने एम 27 नावाने घेतली, 2016 मध्ये फ्रान्सने आपल्या फामास रायफलीच्या जागी निवडली, आणि आता जर्मनीचं सैन्य आपली जी 36 रायफल काढून हीच घेतंय.

म्हणजे एका छोट्या पथकाच्या अगदी नेमक्या अडचणीवर काढलेला तोडगा आज लाखो साध्या शिपायांच्या खांद्यावर आहे. या शिपायांची अडचण तीच होती का? आणि रायफल चांगली आहे ती पिस्टनमुळे, की नळी, स्प्रिंग, मॅगझिन आणि तपासणी यांत कंपनीने ओतलेल्या मेहनतीमुळे? माझा कौल दुसऱ्या बाजूला आहे. जाणकारांनी लिहावं.

तर्कसंगत
आकडे बघा, मग कौल द्या. 2007 च्या अखेरीस अमेरिकी सैन्याने ॲबर्डीनच्या चाचणी केंद्रावर चार रायफलींची धुळीची चाचणी घेतली. प्रत्येक प्रकारच्या 10 रायफली, प्रत्येकीतून 6,000 गोळ्या, म्हणजे प्रकारामागे 60,000. एम 4 अडली 882 वेळा. 416 अडली 233 वेळा. एफएन स्कार 226 आणि एक्सएम 8 फक्त 127.

आता या चौघींतली थेट गॅसवर चालणारी एकटी एम 4. बाकी तिघी पिस्टनवाल्या. यापेक्षा स्पष्ट काय हवं?

उत्तरा_
मी या विषयात नवी आहे. हे 'थेट गॅस' आणि 'पिस्टन' म्हणजे नेमकं काय, कुणी मराठीत नीट सांगेल का? सगळीकडे हे येतंच असं धरून लिहिलेलं असतं.

यंत्रवेडा
उत्तराताई, सांगतो.

गोळी नळीतून पुढे जाते तेव्हा तिच्यामागे प्रचंड दाबाचा गॅस असतो. नळीला वरच्या बाजूला एक बारीक भोक पाडून त्यातला थोडा गॅस चोरायचा आणि त्याच्या जोरावर रिकामं काडतूस बाहेर फेकून नवं आत घ्यायचं, ही दोन्ही प्रकारांतली मूळ कल्पना. फरक चोरलेल्या गॅसचं पुढे काय करायचं, इथे पडतो.

यूजीन स्टोनरच्या एआर 15 मध्ये, म्हणजेच एम 16 आणि एम 4 मध्ये, तो गॅस एका पातळ नळकांडीतून थेट मागे बोल्ट कॅरियरच्या, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या बोल्टला वाहून नेणाऱ्या ठोकळ्याच्या, पोटात जातो. तिथे तो फुगतो, कॅरियर मागे ढकलला जातो, बोल्ट फिरून सुटतो. उरलेला गॅस कॅरियरच्या कुशीतल्या दोन भोकांतून बाहेर पडतो. वेगळा दांडा नाही, म्हणून वजन कमी. सगळी हालचाल नळीच्या रेषेत, म्हणून नेम हलत नाही. फार देखणी योजना आहे ती. पण काजळी आणि उष्णता दोन्ही थेट बोल्टपाशी येतात.

416 मध्ये गॅस पुढेच थांबतो. नळीवर एक छोटा सिलिंडर, त्यात सायकलच्या पंपासारखा दट्ट्या. गॅस दट्ट्याला फटका देतो, दट्ट्या एका दांड्याला, दांडा कॅरियरला. दांडा थोडंसंच अंतर जाऊन स्प्रिंगने परत येतो, बाकीचा प्रवास कॅरियर मिळालेल्या वेगावर करतो. गॅस पुढच्या पुढे बाहेर. त्यामुळे बरीच मॅगझिन रिकामी झाल्यावर बोल्ट काढला तरी तो त्या मानाने थंड आणि कोरडा असतो. थेट गॅसच्या बोल्टच्या शेपटीवर मात्र काळा थर चिकटलेला असतो, तो खरवडावा लागतो.

दोष? दांडा कॅरियरला नळीच्या रेषेत नाही तर वरून टोला देतो. त्यामुळे कॅरियरचं बूड खाली दबतं आणि मागच्या बफरच्या नळीत (जिच्यात परतीची स्प्रिंग असते) घासतं. एआर 15 च्या सांगाड्यात पिस्टन बसवणाऱ्या सगळ्यांनाच ही डोकेदुखी झाली. नुसता पिस्टन बसवून भागत नाही ते यामुळेच, आणि म्हणून कातळकडा यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

उत्तरा_
खूप आभार, आता चित्र डोळ्यासमोर आलं.

इतिहासप्रेमी
या पिस्टनची वंशावळ सांगायलाच हवी. तो 416 साठी नव्याने शोधलेला नाही. कंपनीच्याच जी 36 मधून आला, आणि जी 36 ने तो साठच्या दशकातल्या आर्मालाइट कंपनीच्या एआर 18 कडून घेतला. एआर 15 चे हक्क कोल्टला विकून झाल्यावर आर्मालाइटलाच थेट गॅस टाळणारी रायफल काढावी लागली, ती ही. एआर 18 स्वतः फारशी खपली नाही, पण ब्रिटनची एसए 80 तिच्याच आतड्यांवर उभी आहे.

आणि एसए 80 वरून आठवलं. ती बदनाम रायफल दुरुस्त करायचं काम 2000 च्या आसपास हेकलर अँड कोखनेच केलं. कंपनी तेव्हा ब्रिटिश मालकीचीच होती. त्यांनी बोल्ट, एक्स्ट्रॅक्टर (रिकामं काडतूस ओढून काढणारा आकडा), स्प्रिंगा, हॅमर, मॅगझिन असं बरंच काही बदललं. दुरुस्त झालेली तीच रायफल एल 85 ए 2 या नावाने पुढे भरवशाची ठरली. मूळ आराखड्यात पिस्टन आधीपासून होताच, तरीही एसए 80 अडत होती! पिस्टन असूनही रायफल नादुरुस्त असू शकते, याचा याहून चांगला पुरावा नाही.

नावाचंही सांगून टाकतो. सुरुवातीला कंपनीने ती 'एचके एम 4' म्हणून बाजारात आणली. 2004 मध्ये कोल्टने ट्रेडमार्कचा दावा ठोकला, म्हणून नाव बदललं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका खटल्यात कोर्टाने 'एम 4' ही कोल्टची मालकी नाही असं ठरवलं. तोवर 416 नाव रुळलं होतं.

तर्कसंगत
एसए 80 चं उदाहरण मान्य. पण 882 विरुद्ध 233 या आकड्यांचं काय करायचं?

अनवट
@तर्कसंगत, त्या आकड्यांना दुसरी बाजू आहे. त्याच वर्षी उन्हाळ्यात एम 4 ची तशीच चाचणी झाली होती, त्यात ती 307 वेळा अडली होती. काही महिन्यांत 307 चे 882 झाले. रायफल तीच. दुसरं, 882 पैकी 239 अडथळे मॅगझिनचे होते. सैन्याने नंतर 2009 मध्ये सुधारित मॅगझिन आणलं ते काही उगाच नाही.

शिवाय 60,000 पैकी 882 म्हणजे दीड टक्का. 68 गोळ्यांमागे एकदा. 416 चं 257 गोळ्यांमागे एकदा. शिपायाच्या दृष्टीने हा फरक मोठाच आहे, मी तो लहान करत नाही. पण तो सगळाच पिस्टनच्या खात्यावर टाकता येणार नाही. एक्सएम 8 चा पिस्टन आणि 416 चा पिस्टन सख्खे भाऊ, दोन्ही जी 36 ची लेकरं. मग एकीचा आकडा 127 आणि दुसरीचा 233 का? जिथे कॅरियर, बोल्ट, मॅगझिन, दांड्याची दिशा सगळंच वेगळं, तिथे एका भागाला माळ घालू नका.

नीलपक्षी
अनवट, +1.

फौजीदादा
मी रायफल साफ करणाऱ्याच्या आणि उचलणाऱ्याच्या बाजूने लिहितो.

काजळी नाहीशी होत नसते, तिची जागा बदलते. पिस्टनच्या हत्यारात ती पुढे सिलिंडरमध्ये साचते. फायदा असा की तिथे ती साचली तरी हत्यार बराच वेळ तक्रार करत नाही. बोल्टपाशी साचली आणि वर तेल वाळलं, की तक्रार सुरू. म्हणून थेट गॅसच्या हत्याराला तेल सढळ हाताने लावावं लागतं. कोरडी ठेवली तर अडते, ओली ठेवली तर चालते. चाचणीतल्या एम 4 रायफलींनाही भरपूर तेल दिलं होतं, ते यासाठीच.

दुसरं वजन. दट्ट्या, दांडा, जाड नळी हे सगळं पुढच्या हाताच्या पलीकडे येतं. काट्यावर फरक अर्धा किलोच्या आसपास, पण तो तोंडाशी असल्यामुळे तासभर हत्यार खांद्याला लावून उभं राहिलं की डाव्या हाताला कळतो. वर टॉर्च, लेझर, सायलेन्सर लावा, मग बघा.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडते. 416 चा हँडगार्ड (नळीभोवतीचं, हाताने धरायचं आवरण) एका आडव्या स्क्रूवर बसतो आणि तो स्क्रू उघडायला वेगळा पाना लागत नाही. रायफलीचाच बोल्ट बाहेर काढायचा, त्याच्या तोंडाचे दात स्क्रूच्या खाचेत बसवायचे आणि फिरवायचं. हँडगार्ड पुढे सरकतो, दट्ट्या हातात. मैदानात पाना हरवतोच, हे ज्याला ठाऊक आहे त्यानेच हे सुचवलं असणार.

सौदामिनी
फौजीदादा, तो स्क्रूचा तपशील भारी आहे!

मला यात एक बाजू घालायची आहे ती धुराची. मी पेशाने आरोग्यक्षेत्रातली. नॉर्वेने 416 घेतली तेव्हा सोबत शिसं नसलेल्या गोळ्याही आणल्या. थोड्याच काळात फायरिंगनंतर सैनिकांना थंडी वाजून ताप, डोकेदुखी, अंगदुखी, खोकला असे त्रास होऊ लागले. वितळलेल्या धातूच्या वाफा फुफ्फुसात गेल्या की वेल्डिंग करणाऱ्यांना येतो तसा हा ताप. नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेने यावर रीतसर अभ्यास केला, स्वयंसेवकांना वेगवेगळ्या गोळ्या झाडायला लावून. तांबं आणि जस्ताच्या सूक्ष्म कणांकडे बोट गेलं, आणि गोळ्यांच्या रचनेत बदल करावे लागले.

'पिस्टन म्हणजे स्वच्छ हत्यार' असं सरसकट म्हणतात तेव्हा मला हे सैनिक आठवतात. हत्याराचा बोल्ट स्वच्छ राहिला, पण समोरून निघणारा धूर माणसाच्या छातीत जातो त्याचं काय? हत्यार निवडताना अडथळे मोजतात तसा हा त्रासही मोजायला हवा.

यंत्रवेडा
सौदामिनीताई, फार महत्त्वाचा मुद्दा. त्यात भर: सायलेन्सर लावल्यावर धूर तोंडावर येतो तो गॅसच्या नळकांडीतून कमी आणि खुद्द नळीतूनच जास्त. सायलेन्सर गॅसला पुढे जाऊ देत नाही, बोल्ट उघडला की तो नळीतून मागे येतो. पिस्टन हे थांबवू शकत नाही, थोडं कमी करतो एवढंच.

नीलपक्षी
अवांतर आहे, पण 416 चं नाव सर्वसामान्यांपर्यंत पोचलं ते 2 मे 2011 च्या अबोटाबादमधल्या बिन लादेनवरच्या छाप्यामुळे. त्या रात्री सील्सच्या हातात हीच होती. त्यानंतर प्रत्येक देशाच्या खास पथकाला तीच हवीशी वाटू लागली. सैन्यंही शेवटी माणसांचीच असतात, प्रतिष्ठा हा घटक धरायलाच हवा.

तर्कसंगत
@नीलपक्षी, नॉर्वेचा निर्णय 2007 चा, अबोटाबादच्या चार वर्षं आधीचा. त्यांच्याकडे जुनी 7.62 ची एजी 3 होती, ती बदलायचीच होती.

अनवट
पोलिसांच्या खास पथकांबद्दल कुणीच लिहिलं नाही. ऐंशी-नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे एमपी 5 सबमशीनगन असायची, 9 मिमीची. 28 फेब्रुवारी 1997 ला लॉस एंजेलिसच्या नॉर्थ हॉलिवूडमध्ये अंगभर चिलखत घातलेले दोन दरोडेखोर स्वयंचलित रायफली घेऊन बँकेबाहेर उभे राहिले आणि पोलिसांच्या पिस्तुलांच्या गोळ्या त्यांच्या चिलखतावर वाया गेल्या. तिथून पोलिसांना रायफलीची गरज ठळकपणे जाणवली. 9 मिमीची गोळी साध्या चिलखतात थांबते, 5.56 ची थांबत नाही.

पण पोलिसांचं काम घरात, जिन्यात, गाडीत. तिथे लांब नळी वळत नाही. आखूड नळीची 5.56 बंद खोलीत झाडली की कानठळ्या बसतात, ऐकू येणं कायमचं जाऊ शकतं, ओलिसांचंही. म्हणून सायलेन्सर. म्हणजे पुन्हा तीच मागणी: आखूड नळी अधिक सायलेन्सर. 416 पोलिसांच्या खास पथकांतही इतकी पसरली ती या जोडीमुळे.

आखूड नळीची किंमतही मोजावी लागते. 5.56 च्या गोळीची सगळी ताकद वेगात. 20 इंची नळीतून ती साधारण 940 मीटर प्रतिसेकंद वेगाने निघते, 14.5 इंचीतून साधारण 880, आणि 10.4 इंचीतून त्याहून बरीच कमी. खोलीच्या आतल्या अंतरावर फरक पडत नाही, 300 मीटरवर पडतो. फ्रान्सच्या गेंडार्मरीच्या जीआयजीएन पथकाने 2015 च्या हल्ल्यांनंतर 7.62×39 मधली चेक ब्रेन 2 घेतली, त्यामागे आखूड नळीतूनही दणका देणारी गोळी हवी हाच विचार दिसतो.

इतिहासप्रेमी
फ्रान्सचं नाव आलंच आहे तर मला एक हळहळ नोंदवायची आहे. सेंट-एतियनच्या सरकारी कारखान्यात पिढ्यान्पिढ्या फ्रेंच सैन्याची हत्यारं बनली, फामास हे तिथलं शेवटचं अपत्य. कारखाना बंद झाला आणि 2016 मध्ये फ्रान्सला रायफल निवडायची वेळ आली तेव्हा देशात ती बनवणारं कुणी उरलंच नव्हतं. 1 लाखाहून अधिक 416 जर्मनीतून आल्या. रायफल उत्तम आहे, पण कारागिरांची एक अख्खी परंपरा मोडली ती काही कुठल्या चाचणीत मोजली जात नाही. तेव्हा 'करामत कारखान्याची' हे मला फार खरं वाटतं.

जर्मनीची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. जी 36 तापली की नेम ढळतो असा गदारोळ 2015 मध्ये उठला आणि संरक्षणमंत्र्यांनी तिला निवृत्त करायचं ठरवलं. 2016 मध्ये कोब्लेंझच्या कोर्टात कंपनी जिंकली, पण निर्णय फिरला नाही. सप्टेंबर 2020 मध्ये हेनेल या छोट्या कंपनीची रायफल निवडली गेली आणि महिन्याभरात ती निवड रद्द झाली, पेटंटच्या मुद्द्यावर.

उत्तरा_
कशाचं पेटंट? पिस्टनचं?

इतिहासप्रेमी
नाही ना, तेच सांगायचं होतं. पाण्याचं! पाणबुड्या सैनिक समुद्रातून वर येतो तेव्हा रायफल पाण्याने भरलेली असते. नळीत आणि मागच्या बफरच्या नळीत पाणी अडकलं असताना घोडा ओढला तर हत्यार फुटू शकतं. पाणी झटकन निथळावं म्हणून 416 मध्ये ठरावीक ठिकाणी भोकं ठेवलेली आहेत. वाद या निथळण्याच्या रचनेवरचा. ड्यूसेलडॉर्फच्या कोर्टाने निकाल हेकलर अँड कोखच्या बाजूने दिला आणि डिसेंबर 2022 मध्ये जर्मन संसदेच्या समितीने सुमारे 1 लाख 18 हजार रायफलींना मंजुरी दिली.

कातळकडा
हेच मला म्हणायचं होतं! पाणी निथळायची भोकं, बोल्टचाच पाना, बूड न घासणारा कॅरियर, थंड अवस्थेत ठोकून घडवलेली नळी. यातलं 'एम 4 ला पिस्टन बसवला' या वाक्यात कुठे आहे?

तर्कसंगत
बरं, मग उलट बाजूने विचारतो. थेट गॅस इतका वाईट नसेल तर चांगल्या पथकांनी तो अजून ठेवला आहे का?

अनवट
ठेवला आहे. ब्रिटनचे एसएएस कित्येक वर्षं कॅनडात बनलेली एल 119 वापरतात, ती थेट गॅसची. 2023 मध्ये ब्रिटनने रेंजर्स आणि रॉयल मरीन्ससाठी केएस 1 निवडली, तीही थेट गॅसची, आणि ती तर पहिल्यापासून सायलेन्सरसह वापरायची म्हणूनच घेतली. अमेरिकेच्या खास पथकांनीही एम 4 फेकून न देता वरचा भाग बदलला, गॅसचं भोक नळीवर पुढे सरकवलं आणि काम भागवलं.

यंत्रवेडा
अनवट यांच्या शेवटच्या वाक्यात मूळ प्रश्नाचं उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर.

स्टोनरने ही योजना 20 इंची नळीसाठी आखली होती. गॅसचं भोक बरंच पुढे, तिथवर दाब उतरलेला. एम 4 करताना नळी कापली आणि भोक मागे आणलं, दाब वाढला. नळी 10 इंचांवर आणली की भोकापुढे जेमतेम दोन-तीन इंच नळी उरते. गोळी भोक ओलांडून क्षणात बाहेर पडते, गॅसला काम करायला वेळच नाही. म्हणून भोक मोठं करावं लागतं. त्यावर सायलेन्सर चढवला की दाब रेंगाळतो आणि आता गॅस जास्त होतो. कॅरियर झपाट्याने मागे धावतो, रिकामं काडतूस अजून नळीच्या भिंतींना चिकटलेलं असतानाच बोल्ट ते खेचू लागतो. एक्स्ट्रॅक्टर घसरतो, बोल्टच्या दातांना तडे जातात. डेल्टाची अडचण ही होती.

पिस्टनने इथे हुकूमत दिली. गॅस किती घ्यायचा हे पुढच्या ठोकळ्यातच ठरवता येतं, आणि 416 च्या ए 5 आवृत्तीत तर सायलेन्सर लावला की हाताने खटका फिरवायचा, गॅस कमी. तेव्हा 10.4 इंची नळी अधिक सायलेन्सर या जोडीसाठी पिस्टनला पूर्ण श्रेय. 14.5 किंवा 16.5 इंचीच्या रायफलीत मात्र थेट गॅस निमूटपणे चालतो, तिथे 416 पुढे असेल तर ती कारखान्यामुळे.

आणि तापणाऱ्या नळीवर दोघांकडेही उपाय नाही. जुलै 2008 मध्ये अफगाणिस्तानात वानतच्या चौकीवर 9 अमेरिकी सैनिक मारले गेले, तिथे अखंड फायरिंगने एम 4 बंद पडल्याचं नोंदलं गेलं. मॅगझिनमागून मॅगझिन त्या वेगाने रिकामं केलं तर कुठलीही हलकी रायफल हात टेकते. ते मशीनगनचं काम आहे.

फौजीदादा
मशीनगनचं काम म्हणालात, तर मरीन्सनी नेमकं तेच काम एम 27 ला दिलं होतं. गोळ्यांच्या पट्ट्यावर चालणारी एम 249 मशीनगन काढून सेक्शनमध्ये, म्हणजे छोट्या तुकडीत, 16.5 इंची नळीची 416, मॅगझिन 30 गोळ्यांचं. मला हे तेव्हाही पटलं नाही, आताही नाही. शत्रूचं डोकं खाली दाबून धरायला सलग भडिमार लागतो. दर 30 गोळ्यांनी हात मॅगझिनवर गेला की तेवढ्यात समोरचा सरकतो.

तर्कसंगत
दादा, त्यांचा युक्तिवाद असा होता की अचूक दहा गोळ्या अंदाधुंद शंभरांपेक्षा जास्त दाबून धरतात, आणि निम्म्या वजनाचं हत्यार घेतलेला शिपाई धावताना मागे पडत नाही. एम 249 सैन्यातल्या कंपनीकडे, म्हणजे मोठ्या तुकडीकडे, राखून ठेवल्याच होत्या. 2017 च्या अखेरीस तर त्यांनी एम 27 पायदळातल्या जवळपास प्रत्येकाला द्यायचं ठरवलं.

फौजीदादा
प्रत्येकाला देणं मला पटतं, कारण मग ती रायफल म्हणून वापरली जाते आणि रायफल म्हणून ती उत्तम आहे. मशीनगन म्हणून नको. आणि 2020 पासून त्यांनी पायदळाला सरसकट सायलेन्सर द्यायला सुरुवात केली. 16.5 इंची नळीवर सायलेन्सर चढला की लांबी जुन्या एम 16 च्या जवळ जाते. गाडीतून उतरताना ती दारात अडकणार. मग कुणीतरी नळी आखूड करा म्हणणार आणि यंत्रवेडा यांनी सांगितलेलं सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू.

यंत्रवेडा
तेव्हा गॅसचा खटका कामी येईल, दादा. एम 27 ची नळी कापली तर भोकाचं गणित नव्याने मांडावं लागेल, पण दट्ट्या तोच राहील. उद्या सवडीने नळीची लांबी, भोकाची जागा आणि दाब यांचा तक्ता करून इथेच टाकतो.